माउस, कंट्रोलर आणि आपोआप सरकणारी होडी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत, गेम बनवायची तिची पायगेम लायब्ररी वापरून होडीचा एक साधा गेम करायला घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड गेम कंट्रोलर आणला, जोडला, आणि होडी लागली आपोआप डावीकडे सरकायला. कुणी हातही लावला नव्हता. दोन संध्याकाळी कोड खालीवर करण्यात गेल्या. त्या होडीकडे येतोच, पण सुरुवात माउसपासून करा. तो निदान प्रत्येकाच्या टेबलावर असतो.

माउसची खबर दोन वाटांनी मिळते. एक इव्हेंट: दाराची बेल वाजते तसा, वाजली की झालं. दुसरी स्थिती: दार आत्ता उघडं आहे की लावलेलं, हे आपण उठून बघायचं. मी गोळी झाडायला दुसरी वाट धरली, म्हणजे गेट प्रेस्ड, बटण आत्ता दाबलेलं आहे का ते सांगणारं फंक्शन. सेकंदाला ६० फ्रेम, दर फ्रेमला एक तपासणी, त्यामुळे बोट बटणावर सेकंदाचा दहावा भाग जरी राहिलं तरी एका क्लिकला सहा गोळ्या! झाडणं, मेनू निवडणं यांना माउसबटणडाउन, म्हणजे बटण दाबल्याक्षणी एकदाच येणारा इव्हेंट लागतो. बटण दाबून धरलंय तोवर रेघ ओढत राहायची असेल, तिथे गेट प्रेस्ड.

पुढचा घोळ लाजिरवाणा होता. मेनूसाठी एकदा आणि खेळासाठी एकदा, असं मी गेमच्या एकाच लूपमध्ये इव्हेंट डॉट गेट, म्हणजे रांगेत साठलेले इव्हेंट काढून घेणारं फंक्शन, दोनदा लिहिलं होतं. पहिल्याने रांग रिकामी केल्यावर दुसऱ्याच्या हाती काय लागणार? क्लिक कधी लागायचं, कधी नाही, आणि मी माउस बदलून बघत होतो. एका लूपमध्ये एकदाच घ्या, मग हवं तिथे वाटा.

आता कंट्रोलर. जॉयस्टिक ऑब्जेक्ट बनवला की तो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर पायथन तो साफ करून टाकतो आणि इव्हेंट येणं बंद होतं. स्टिकचा प्रत्येक अक्ष -१ ते १ मधला आकडा देतो. स्टिक सोडल्यावर शून्य यायला हवा, पण वापरलेल्या स्टिकचा काटा शून्यावर बसतच नाही. माझा -०.१३ वर थांबायचा. होडी सरकत होती ती यामुळे.

यावर उपाय डेड झोन: मधल्या थोड्या भागातलं वाचन शून्य धरायचं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट या कंट्रोलर वाचायच्या लायब्ररीत डाव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा ३२७६७ पैकी ७८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. एवढा मोठा बघून मलाही आश्चर्य वाटलं होतं. मात्र आडवा आणि उभा अक्ष वेगवेगळे कापू नका. दोन्हींची मिळून लांबी, म्हणजे स्टिक मध्यापासून किती दूर गेला ते, काढा आणि ती तपासा, नाहीतर स्टिक थोडा तिरका केला तरी होडी सरळ रेषेलाच चिकटते. उरलेला भाग पुन्हा ० ते १ मध्ये ताणून घ्या. तसं केलं नाही तर डेड झोन ओलांडताच होडी एकदम उडी मारते.

वर-खालीचाही गोंधळ आहेच. स्टिक वर ढकलला की -१ येतो, पण डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं अधिकच्या आकाराचं बटण, पायगेममध्ये 'हॅट' म्हणून वाचलं तर तिथे वर म्हणजे +१. का, ते विचारत बसू नका, चिन्ह उलटा आणि पुढे चला.

अक्षांचे नंबर कोडभर पेरू नका, हे मी मित्रासमोर फजिती होऊन शिकलो. पायगेम २ मध्ये पीएस४ कंट्रोलरचा उजवा स्टिक अक्ष २ आणि ३ वर येतो, तोच एक्सबॉक्स ३६० चा ३ आणि ४ वर. एक्सबॉक्सवर २ म्हणजे डावा ट्रिगर, आणि तो न दाबता -१ दाखवतो. मी २ आणि ३ लिहून ठेवले होते, त्याने एक्सबॉक्सवाला जोडला आणि होडीवरची तोफ डावीकडे वळून तिथेच अडकली. आता नंबर एका डिक्शनरीत, कंट्रोलरच्या नावाखाली ठेवतो.

गेमच्या आधी वीसेक ओळींचा एक प्रोग्रॅम लिहा: सगळे अक्ष, बटणं आणि हॅट यांचे आकडे स्क्रीनवर हलताना दिसले की पुरे. माझी ती फाइल अजून आहे. नवा कंट्रोलर हातात आला की आधी तीच चालवतो.