पेटीवाल्यांनी जॅझ पियानो शिकताना

भजनात किंवा नाट्यसंगीतात पेटी वाजवणाऱ्याला जॅझ पियानो परका वाटतो, पण पोट भरणारं काम दोन्हीकडे एकच आहे: संगत. पांढरी एकमधलं गाणं ऐन वेळी काळी दोनमध्ये घ्यायची सवय इथे फार कामाला येते, कारण गायिका पट्टी बदलणारच.

अडतं ते डाव्या हाताशी. पेटीवर तो भात्यात गुंतलेला, बोटं कोरीच. सुरुवात दोन सुरांनी करा, मधल्या सीच्या (सी म्हणजे पांढरी एक) आसपास. डी मायनर सेव्हन या कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाला, एफ आणि त्याच्या वरचा सी. जी सेव्हनला एफ तिथेच, सी अर्धा स्वर उतरून बी. सी मेजर सेव्हनला बी तिथेच, एफ उतरून ई. प्रत्येक वेळी एकच बोट हलतं. हे बाराही पट्ट्यांत, कागद न बघता. कॉर्डचा मूळ सूर मुद्दाम वगळला आहे, तो खालचे सूर वाजवणाऱ्या बासवाल्याचा. तुम्हीही खाली तोच ठोकलात तर सगळं गढूळ होतं आणि पुढचं बोलावणं येत नाही. कमी सुरांत बँड कसा चालवतात, हे जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसीकडून ऐकावं.

लयीसाठी मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्याला मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवा आणि ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा. समेची सवय असलेल्यांचा तो सुरुवातीला पहिलीवर घसरतो, तेव्हा वेग कमी करून तोंडाने मोजा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, टाळू नका. चर्चच्या शाळांत सोल्फेजो (स्वरलिपी वाचून गाणं) शिकलेले गोंयकार मुंबईच्या जॅझ बँडांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत शिरले, ते वाचता येत होतं म्हणून. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे.

कामं मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात हॉटेलातल्या पियानोचा साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) दमटपणाने फुगतो आणि सूर चढतो. वाजवण्याआधी ए हा सूर ४४० हर्ट्झला आहे का तपासा. नसेल तर सॅक्सोफोनवाल्याला सांगा, तो माउथपीस सरकवून जुळवून घेईल. स्वतःचा ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो असलेला बरा. पेडल उलटं चालू लागलं, म्हणजे न दाबताच सूर लांबू लागले, तर पियानो बंद करा, पेडलवर पाय न ठेवता पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

काम घेताना पैसे, गाडीभाडं आणि जेवण आधीच ठरवा. उघड्यावर लाउडस्पीकर साधारणपणे रात्री १० ला बंद, म्हणून सुरू करायची वेळही ठरवा. आणि बासवाला आहे का, हे विचारा. नसेल तर डाव्या हाताला चालता बास (मात्रेमात्रेला पुढे सरकणारे खालचे सूर) वाजवावा लागेल, त्याची तयारी वेगळी.