थिसिस रिपॉझिटरीत टाकताय? आधी ती न दिसणाऱ्यांना वाचून घेता येते का बघा, आणि या चुका टाळा

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत माझं काम म्हणजे थिसिस आणि पेपर रिपॉझिटरीवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवणं. बरीच वर्षं मी फाईल उघडतेय का, पानं सरळ आहेत का एवढंच बघायचे. मग ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने येणारी एमएची एक मुलगी, तिला अजिबात दिसत नाही, लॅपटॉपवर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बसली आणि मला म्हणाली, "मॅडम, ही फाईल कोरी आहे का?" दोनशे चाळीस पानांची थिसिस होती हो ती!

झालं असं होतं की सही-शिक्क्याची पानं कागदावर असतात म्हणून त्या संशोधकाने बाइंडिंग केलेली अख्खी कॉपीच स्कॅनरवर टाकली होती. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात स्क्रीन रीडरला वाचायला एक अक्षर नाही. ही सगळ्यात कॉमन चूक, आणि टाळायला सगळ्यात सोपी. स्कॅन फक्त सहीची दोन-तीन पानं करा आणि ती वेगळी फाईल म्हणून द्या, बाकीचं वर्डमधून. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या पीएचडी थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर बघा, टायटल, सर्टिफिकेट, प्रकरणं अशा फाईली वेगवेगळ्याच असतात, त्यामुळे "एकच फाईल पाहिजे" हा हट्ट कोणाचा असतो मला कळलेलं नाही. सगळं जोडायचंच असेल तर फुकटवाली मर्ज साइट वापरू नका, त्यात आतले टॅग, म्हणजे मथळा कुठला, टेबल कुठलं हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या लपलेल्या खुणा, बऱ्याचदा उडतात. जुनी थिसिस कागदावरच असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन आणि मग ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्यात मराठी आहे, पण ती भाषा निवडायला विसरलात तर पानभर रोमन कचरा मिळतो. आणि ओसीआर झाल्यावर वाचून बघा, विशेषतः आकडे, ३ आणि ६ मध्ये गडबड झाली तर संशोधनच बदलतं.

आता मराठीवाल्यांचं खास दुखणं, फॉन्ट. स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडे थिसिस टाईप करून घेतली की ती कृतिदेव नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये यायची शक्यता भरपूर. दिसायला मराठी, आतून इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द आत 'ई जे के बी एच' असा असतो, आणि स्क्रीन रीडर अगदी इमानदारीत तेच वाचतो. शोधायला गेलात तरी सापडत नाही, म्हणजे डोळस माणसाचंही नुकसान. टेस्ट सोपी आहे, पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, रोमन अक्षरं दिसली की समजा काय ते. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही खऱ्या मराठी अक्षरांत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकवतात, आणि मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असेल तर त्याचंही देवनागरी भजं करतात. त्यामुळे टायपिंगला देतानाच "युनिकोडमध्येच पाहिजे" सांगा, ते लोक करून देतात, आपण मागत नाही म्हणून राहतं.

आणि युनिकोड असलं तरी सुटलो असं नाही. पीडीएफ अक्षरांचे आकार ज्या क्रमाने ठेवते त्यात 'ि' पुढे-मागे होतो, जोडाक्षरं फुटतात, 'स्थिती' पेस्ट केलं की भलतंच काहीतरी येतं. यावर मला एकच खात्रीचा उपाय सापडलाय, पीडीएफबरोबर वर्डची फाईल किंवा ईपब (ई-बुकची फाईल) पण त्याच आयटममध्ये, म्हणजे रिपॉझिटरीतल्या त्या थिसिसच्या नोंदीत टाका. डीस्पेस या रिपॉझिटरीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका आयटमला अनेक फाईली चालतात. "वर्ड दिली तर कोणीतरी चोरेल" म्हणणारे सर भेटतात, पण चोरणारा पीडीएफवरूनही चोरतो. अशा सरांनी पीडीएफला कॉपी-बंदीचा पासवर्ड लावला असेल तर तोही काढायला लावा, सेटिंग चुकलं की स्क्रीन रीडरही बाहेर राहतो.

मथळे बोल्ड करून, साईझ १६ करून भागत नाही. वर्डमध्ये हेडिंग १, हेडिंग २ ही स्टाईल लावा. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे, त्यात एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते, मथळाच नसेल तर त्या मुलीला दोनशे पानं पहिल्यापासून ऐकायला लागणार. अनुक्रमणिकाही आपोआप तयार होते, टिंबटिंब देत बसायला नको.

एवढं करून लोक शेवटी प्रिंट टू पीडीएफ करतात आणि सगळ्यावर पाणी! प्रिंट केलं की टॅग जातात. सेव्ह अ‍ॅज करून पीडीएफ निवडा, ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जची टिक बघा. लिब्रे ऑफिसमध्ये टॅग्ड पीडीएफ.

चित्रांचं सांगते. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर कोणी थिसिस लिहिली आणि आलेखाच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) 'आलेख ४' लिहिलं तर ऐकणाऱ्याला काय कळलं? कुठल्या महिन्यात पक्षी जास्त, कधी उतरण लागली, हे दोन वाक्यांत लिहा. नकाशात लाल-हिरव्या रंगानेच फरक दाखवला असेल तर रेघा किंवा नावंही द्या. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधल्या टेबलचा स्क्रीनशॉट चिकटवणं तर बंदच करा. खरं टेबल करा, वरची ओळ हेडर रो म्हणून सेट करा, सेल मर्ज कमीत कमी.

एक गमतीशीर चूक. मित्राची फाईल घेऊन त्यावर आपली थिसिस लिहिली की प्रॉपर्टीजमध्ये टायटल आणि लेखक त्या मित्राचेच राहतात, आणि स्क्रीन रीडर फाईल उघडताच पहिल्यांदा तेच टायटल वाचतो. ते बदला, भाषा मराठी सेट करा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठीवर तुटून पडतो.

कोणी कॉपीराइटची भीती घातली तर सांगा, दिव्यांगांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला आपल्या कायद्यात २०१२ पासून सूट आहे, आणि अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार सगळ्यात आधी मंजूर करणारा देश भारतच, २०१४ मध्ये.

तपासायला पॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं. पण ऑल्ट टेक्स्टमध्ये 'चित्र' एवढं लिहिलेलं असलं तरी ते खूश होतं, म्हणून एनव्हीडीए लावून निदान एक प्रकरण कानाने ऐकाच.

आणि अपलोड झाल्यावर चूक सापडली तर घाबरून आयटम डिलीट करून नवा करू नका. हँडलची, म्हणजे त्या आयटमच्या कायमच्या पत्त्याची, लिंक तुटते, ज्यांनी संदर्भात ती दिलीय त्यांची पंचाईत होते. लायब्ररीला मेल टाका, आयटम तोच ठेवून आतली फाईल बदलता येते, दहा मिनिटांचं काम आहे.