शेतीधोरण समजून घेण्यासाठी दिल्लीचा अभ्यासदौरा कसा आखावा

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, बाजार समित्यांचे सदस्य आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांचा गट दिल्लीला न्यायचा असेल, तर सर्वप्रथम एक पीक आणि त्या पिकाबाबतचा एकच निर्णय निवडावा. ‘शेतीधोरण’ हा विषय घेऊन गेल्यास प्रत्येक कार्यालयात योजनांची तीच ती यादी ऐकावी लागते.

कांद्याचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, मात्र टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याखाली निर्यात करता येत नाही असा दर, लावण्यात आले. ती अट सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. हा घटनाक्रम कागदावर मांडला, की भेटी कोणाच्या घ्यायच्या हे आपोआप ठरते. बंदी आणि किमान मूल्याची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालय काढते, शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढते, तर ग्राहकांसाठी भाव आटोक्यात ठेवण्याची आणि नाफेड व एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत राखीव साठा करण्याची जबाबदारी ग्राहक व्यवहार विभागाकडे असते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती आणि बाजार हे राज्यसूचीतले विषय असले, तरी परदेशी व्यापार केंद्राकडे आहे. त्यामुळे केवळ कृषी मंत्रालयात निवेदन देऊन परतणारा गट बहुधा चुकीचे दार ठोठावून आलेला असतो.

हमीभावाचे पीक निवडल्यास वाट वेगळी आहे. कृषिमूल्य आयोग २२ पिकांच्या हमीभावाची आणि उसाच्या रास्त व किफायतशीर दराची शिफारस करतो. अंतिम निर्णय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती घेते. आयोगाचे अहवाल उपलब्ध असतात. निघण्यापूर्वी आपल्या पिकाचा ताजा अहवाल गटाने एकत्र बसून वाचावा आणि ‘ए२ अधिक एफएल’ (प्रत्यक्ष केलेला खर्च अधिक घरच्यांच्या श्रमाचे मूल्य) व ‘सी२’ (सर्वसमावेशक खर्च) या दोन उत्पादनखर्चांतला फरक प्रत्येकाला सांगता येतो का, हे तपासून पाहावे. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज पहिल्यात धरलेले नसते; सगळा वाद तिथेच आहे.

अर्थसंकल्पापूर्वीचे आठवडे टाळावेत, कारण तेव्हा अधिकारी वेळ देऊ शकत नाहीत. खासदारांना भेटायचे असल्यास मात्र अधिवेशनकाळच निवडावा. प्रेक्षक कक्षाचे प्रवेशपत्र त्यांच्याच कार्यालयामार्फत मिळते आणि त्यासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र आधी पाठवावे लागते. एखादी पहाट आझादपूर या दिल्लीतल्या घाऊक फळ-भाजी बाजारासाठी राखून ठेवावी. आपल्या मालाची प्रतवारी तिथले आडते कशी लावतात, हे पाहिल्यावर दुपारच्या चर्चेतले प्रश्न बदलतात.

प्रश्न नेमके असावेत. ‘कांद्याला भाव का मिळत नाही?’ असे विचारल्यास सहानुभूती मिळते आणि भेट संपते. ‘मे २०२४ मध्ये ५५० डॉलरचा आकडा ठरवताना कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याची घट किती धरली होती?’ असे विचारले, तर अधिकाऱ्याला फाइल आठवावी लागते. वीस मिनिटांच्या भेटीत दोघांनीच बोलावे आणि एकाने फक्त लिहावे. शाल-श्रीफळ घरीच ठेवावे; सत्कार आणि छायाचित्रे यांत निम्मा वेळ जातो, हे आम्ही एकदा फुकट घालवलेल्या दुपारनंतर शिकलो.

टिपणे परतीच्या गाडीतच पुरी करावीत आणि कोणत्या कार्यालयाने काय सांगितले, हे स्वतंत्र लिहावे, कारण दोन विभागांची उत्तरे अनेकदा एकमेकांशी जुळत नाहीत. जिथे ती जुळत नाहीत, तो मुद्दा आपल्या खासदारांना अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नाच्या स्वरूपात लिहून द्यावा. लोकसभेत अशा प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे मसुदा गावी पोहोचल्याच्या आठवड्यातच पाठवावा.