कार्लॉफ बघायचा तर आधी हात बघा

मी नगरचा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. हॉलिवूडच्या जुन्या भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ याचं आमच्या गावाशी नातं निघेल असं स्वप्नातही नव्हतं. सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजवाड्यात शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स १८३१ साली नगरला जन्मली. तिची बहीण म्हणजे कार्लॉफच्या आईची आई. तो स्वतः लंडनचा, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. असो.

सुरुवात १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून करा, आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. त्यात कार्लॉफ राक्षस झालाय, आणि राक्षसाला संवाद नाहीतच. सुरुवातीच्या नामावलीत नटाच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. रंगभूषाकार जॅक पियर्स रोज चारेक तास खपायचा. पापण्यांवर मेण, आणि एका बाजूच्या कवळीचा तुकडा काढून गाल बसवलेला. एवढ्या लिंपणाखाली चेहरा तो काय हलणार? उरले हात. छतातून उजेड येतो तो प्रसंग थांबवून थांबवून बघा. तो उजेड धरायला हात वर करतो, झडप बंद होते आणि तळवे तसेच रिकामे राहतात. वर्गात मी मुलांकडून हे हात काढून घ्यायचो. अंगठा सगळ्यांचा चुकायचा.

तळ्याकाठची मुलगी पाण्यात पडताना दिसली, तरच तुमची प्रत पूर्ण. माझी पहिली प्रत कापलेली होती. त्यात तो हात पुढे करतो आणि दृश्य तुटतं, त्यामुळे नको ते मनात येतं.

मग ‘द ममी’, १९३२. पट्ट्या गुंडाळलेला कार्लॉफ मोजून काही मिनिटं दिसतो. पुढे असतो तो वाळक्या अंगाचा, कुणी हात लावलेला न खपणारा माणूस. आता आवाज सुरू करा. ‘स’ जरा बोबडा आहे, तो ऐका.

१९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस बोलतो. कार्लॉफला ते पटलं नव्हतं. आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीतला प्रसंग पाहिल्यावर मला मात्र त्याचं म्हणणं पटत नाही.

नंतरचे वेड्या डॉक्टरांचे सिनेमे सोडलेत तरी चालतील. ‘द बॉडी स्नॅचर’ (१९४५) सोडू नका. त्यात तो मढी पुरवणारा घोडागाडीवाला आहे. मुखवटा नाही, वर गोड हसतो. घाबरलो मी यालाच.

शेवटी ‘टार्गेट्स’, १९६८. म्हातारा, थकलेला भयपटांचा नट; म्हणजे जवळजवळ तो स्वतःच. पाय साथ देत नव्हते, फेब्रुवारी १९६९मध्ये तो गेला. एका प्रसंगात तो मृत्यूची जुनी गोष्ट सांगतो, कॅमेरा हळूहळू जवळ येत जातो, मध्ये एकही काट नाही. त्या वेळी चहाला उठू नका. अखेरीस काठी टेकत तो लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या बंदूकवाल्याकडे चालत जातो. तिथं पुन्हा हात बघा.