‘कसंतरीच होतंय’ हे डॉक्टरांना कसं सांगावं

सासूबाई ऐंशीच्या. गेली तीन वर्षं ठाण्यातल्या नौपाड्यातून त्यांना डॉक्टरांकडे मीच नेते. एवढ्या फेऱ्यांत एक कळलं : दुखणं सांगता येत नाही, त्याच्या आजूबाजूचं सांगता येतं. डॉक्टरांचं काम त्यावर भागतं.

पहिल्याच भेटीत विचारलं, ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ आई म्हणाल्या, ‘दोन.’ आणि बाहेर येऊन जिन्यातच बसल्या! त्यांच्या हिशेबात दहा म्हणजे बाळंतपण. माझी दाढ दुखली की मी आठ सांगते. विटगेनस्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाच्या 1953 साली छापलेल्या पुस्तकात याची गंमत आहे. प्रत्येकाकडे एक डबी, आत किडा. दुसऱ्याच्या डबीत डोकवायचं नाही. ‘किडा’ सगळेच म्हणतात, पण आत तेच आहे, की डबी रिकामीच, कोण सांगणार? म्हणून आकडा फक्त कालच्या आपल्याच आकड्याशी ताडून पाहायचा. शेजारणीच्या नाही.

त्यापेक्षा काय अडलं ते सांगा. ‘खूप दुखतं’ म्हणू नका. ‘टीएमटी बसच्या पायरीवर उजवा पाय टाकवत नाही’, ‘तलावपाळीचा फेरा अर्ध्यावर सोडला’ असं सांगा. कधीपासून, किती वेळ, कशाने उतरतं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. तिथे गेल्यावर हमखास विसरायला होतं.

शब्द मात्र आपलेच वापरा. ठणका वेगळा, कळ वेगळी, ठुसठुस वेगळी. आमच्या तरुण डॉक्टरांना मराठी बेताचंच, ‘चमक निघते’ म्हटल्यावर ते नुसते बघत राहिले. मग आईंनी कमरेपासून टाचेपर्यंत झर्रकन बोट ओढलं. लगेच कळलं. दुखतं तिथे हात ठेवून दाखवा. एक बोट ठेवलंत की अख्खा तळवा, यातही फरक असतो.

सगळ्यात अवघड ‘कसंतरीच होतंय’. एकदा मी विचारलं, ‘कसं म्हणजे?’ तर म्हणाल्या, ‘अगं, ते सांगता आलं असतं तर कसंतरी कशाला म्हटलं असतं?’

तेव्हापासून मी अर्थ विचारत नाही. घाम आलाय? दम लागतोय? मळमळतंय? जबडा, हात, पाठ भरून आलीय? त्यांनी नुसती मान हलवायची. वयस्कर माणसांत, बायकांत, मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. यातल्या एकालाही मान हलली तर शब्द शोधत बसू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.