कातळाच्या घळीतला धबधबा टिपताना

खडकाळ घळीतल्या धबधब्याचे छायाचित्र बहुतेक वेळा प्रकाशामुळे फसते. ऊन थेट पाण्यावर पडले की फेस इतका उजळतो आणि बाजूचा कातळ इतका काळवंडतो की दोन्हींतले तपशील एका चित्रात मावत नाहीत. म्हणून ढगाळ दिवस निवडावा किंवा सूर्य कड्याआड असताना, घळ पूर्ण सावलीत असेपर्यंत काम उरकावे. सावलीत चित्रावर निळसर झाक येते. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात, टिपल्यास ती नंतर सहज काढता येते.

घळीत उतरण्यापूर्वी वरच्या अंगाला पाऊस नाही ना, याची खात्री करून घ्यावी. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर सामानाचा विचार न करता उंचावर जावे.

ट्रायपॉडचे पाय वाळूत नव्हे, दगडावर टेकवावेत. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र; एफनंतरचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) एफ/8 ते एफ/11 ठेवावे. एफ/16च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्राची धार बोथट होते. बटणाच्या धक्क्याने कॅमेरा हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर लावावा.

एकच फिल्टर नेता येणार असेल, तर तो पोलरायझर असावा, असे माझे ठाम मत आहे. तो हळूहळू फिरवत गेले की ओल्या कातळावरची पांढुरकी चकाकी ओसरते, शेवाळाचा हिरवा रंग वर येतो आणि उथळ पाण्याच्या तळाचे गोटे दिसू लागतात. मात्र तुषारांत इंद्रधनुष्य पडले असेल, तर चुकीच्या कोनात हाच फिल्टर ते पुसून टाकतो.

शटरचा वेग पाण्याच्या ओघावर ठरतो. 1/4 ते 1 सेकंदात पाण्याचे पदर रेशमासारखे मऊ होतात आणि तरीही वेगळे राहतात; 10 सेकंदांत त्यांचा दुधट पडदा होतो, जो मला निर्जीव वाटतो. उजेड जास्त असल्यास 3 स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश तीनदा निम्मा करणारी गडद काच) 1/15 सेकंदाचे सुमारे 1/2 सेकंद करतो. एक्स्पोजर (चित्राला मिळणारा एकूण प्रकाश) फेसाकडे पाहून ठरवावे: हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, उजव्या कडेला आदळत असेल तर ते कमी करावे, कारण कातळाची काळोखी नंतर उजळता येते, पण करपलेला पांढरा परत मिळत नाही.

तुषार भिंगावर बसतातच. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत भिंग कापडाने झाकून ठेवावे, कापड काढताच बटण दाबावे आणि प्रत्येक चित्र पडद्यावर मोठे करून पाहावे. काळ्या कातळावर फिकट, गोल डाग दिसला, तर तो भिंगावरचा थेंब असतो.