एकाच डॉक्टरवर चालणाऱ्या दवाखान्यातली गर्दी कशी कमी करावी

नवा डॉक्टर येईपर्यंत आहे त्या डॉक्टरचा वेळ वाचवणं आपल्या हाती असतं, आणि त्यातून बरंच साधतं. आधी २ आठवडे डॉक्टरच्या प्रत्येक कामाची नोंद ठेवा: तपासणी, तीच औषधं पुन्हा लिहून देणं, दाखले, रिपोर्ट बघणं. प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा, याला डॉक्टरच लागतो का?

रक्तदाब किंवा मधुमेह आटोक्यात असलेल्यांना दर महिन्याला बोलावू नका; ३ महिन्यांची औषधं एकदम लिहून द्या. मधली तपासणी परिचारिकेकडे सोपवा, पण लेखी सूचनांसह: रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, छातीत दुखलं, धाप लागली, तर लगेच डॉक्टरकडे. घोडं अडतं ते इथेच. सूचना तोंडी राहतात, चूक अंगाशी येईल या धास्तीने परिचारिका प्रत्येकाला आत पाठवते आणि रांग होती तेवढीच राहते.

रोजच्या भेटींच्या वेळांपैकी काही त्याच दिवशी आजारी पडलेल्यांसाठी राखून ठेवा. फरक मोजताना पहिली नव्हे, तिसरी मोकळी वेळ किती दिवसांनी मिळते ते पाहा. पहिली कुणीतरी ऐनवेळी रद्द केल्यामुळेही सुटलेली असू शकते.